स्थूलतेची शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वीचा हिशेब

(संस्थेच्या वर्धापनदिन समारंभात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वर्धापनदिनी प्रशासकाने उभे राहावे आणि वर्षभराचे आकडे वाचून दाखवावेत, अशी आपल्याकडे प्रथा आहे. ते आकडे या अहवालाच्या पुढील पानांवर छापलेले आहेतच. अध्यक्षांच्या अनुमतीने आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. वजन कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करवून घ्यावी किंवा कसे, आणि विशेषतः जठराभोवती बसविला जाणारा पट्टा, ज्याला गॅस्ट्रिक बँड म्हणतात, तो बसवून घ्यावा का, हा प्रश्न घेऊन अनेक नातेवाईक आमच्या कार्यालयाची पायरी चढतात. याच विषयाशी निगडित अशा एका मोठ्या देणगीचा प्रस्तावही यंदा विश्वस्त मंडळापुढे आला. तेव्हा हा विषय रुग्णांच्या घरचाही आहे आणि संस्थेच्या तिजोरीचाही आहे.

मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. अमुक रुग्णावर शस्त्रक्रिया करावी की नाही, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. या भाषणातील वैद्यकीय भाग आमच्या शल्यविशारदांनी आणि मधुमेहतज्ज्ञांनी तपासून दिलेला आहे. परंतु खर्चाचे दोन प्रकार असतात, एक भांडवली आणि दुसरा आवर्ती, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकविले गेले होते, आणि या शस्त्रक्रियेचा विचार करताना नेमका तोच भेद बहुतेक घरांतून सुटतो, असे मी अनुभवाने सांगू शकतो.

प्रथम हा पट्टा म्हणजे काय ते सांगतो. जठराच्या अगदी वरच्या भागाला सिलिकॉनचे एक कडे घातले जाते. त्यामुळे कड्याच्या वर एक छोटी पिशवी तयार होते. तिच्यात जेमतेम दोन मोठे चमचे अन्न मावते. कड्याच्या आतल्या बाजूस फुगणारी नळी असते आणि ती एका बारीक नळीने पोटाच्या त्वचेखाली बसविलेल्या बटणासारख्या डबीला जोडलेली असते. या डबीला पोर्ट म्हणतात. त्वचेतून पोर्टमध्ये सुई घालून सलाईन भरले की पट्टा आवळतो, काढून घेतले की सैल होतो. आतडे कापावे लागत नाही, जठर कापावे लागत नाही, दुर्बिणीतून काम होते. मूळचे इथिओपियाचे असलेले शल्यविशारद डॉ. मितिकू बेलाच्यू यांनी १९९३ साली बेल्जियममध्ये दुर्बिणीद्वारे असा पट्टा प्रथम बसविला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २००१ मध्ये त्यास मान्यता दिली, आणि पुढील दहा वर्षे या पट्ट्याचा जगभर मोठा बोलबाला झाला. आपल्याकडील मोठ्या शहरांतही तो बसविला जाऊ लागला.

त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. नातेवाईकांच्या तोंडी हमखास येणारे वाक्य असे असते, "साहेब, नाही मानवला तर काढून टाकता येतो ना?" काढता येतो, हे खरे आहे. शस्त्रक्रियेच्या दिवसापुरते पाहिले तर स्थूलतेवरील शस्त्रक्रियांत तो सर्वांत कमी जोखमीचा मानला गेला, हेही खरे आहे. भांडवली खर्च कमी आणि वस्तू परत करण्याची सोय, असा हा व्यवहार दिसतो.

आता आवर्ती बाजू पाहू. पट्टा बसवून झाला म्हणजे उपचार झाला असे नव्हे. साधारण चार ते सहा आठवड्यांनी पहिल्यांदा सलाईन भरावे लागते. पहिल्या वर्षात जवळपास दर महिन्याला रुग्णाने यावे, वजन करावे, घास कसा उतरतो ते सांगावे आणि त्याप्रमाणे पट्टा किंचित आवळावा किंवा सैल करावा, अशी ती पद्धत आहे. गरोदरपणात तो सैल करावा लागू शकतो. थोडक्यात, शेतातील मोटारपंपाप्रमाणे याला देखभाल लागते. फरक इतकाच की हा पंप पोटात आहे आणि त्याचा मेकॅनिक शंभर-दोनशे किलोमीटरवर आहे.

शिवाय पट्टा अन्नाचे प्रमाण अडवतो, अन्नाची जात अडवत नाही. आमच्या आहारतज्ज्ञ ताईंनी मला हे फार चांगले समजावून सांगितले. पोळीचा किंवा पावाचा नीट न चावलेला घास अडकतो, चिकट भात अडकतो, आणि माणूस जेवणावरून उठून मोरीकडे धावतो. श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम, उसाचा रस, दिवसातून सहा वेळा घेतलेला साखरेचा चहा मात्र विनातक्रार खाली उतरतो. म्हणजे जे खावे ते अडते आणि जे टाळावे ते सुटते. भाजी-भाकरीवरून रुग्ण हळूहळू गोड पातळ पदार्थांवर येतो, वजन जागच्या जागी राहते, आणि घरातली माणसे म्हणतात, एवढे ऑपरेशन करूनही याच्या तोंडावर ताबा नाही.

तोंडावरच्या ताब्याविषयी एक शब्द सांगणे मला आवश्यक वाटते. स्थूल माणसाचा आपण जितका सहज उपहास करतो तितका अन्य कोणत्याही रुग्णाचा करीत नाही. दमेकऱ्याला आपण 'श्वासावर ताबा ठेव' असे म्हणत नाही. स्थूलता हा दीर्घकालीन आजार आहे. तो केवळ आळसाचा किंवा खादाडपणाचा परिणाम नाही, हे आता वैद्यकशास्त्राने निःसंशय मान्य केले आहे, आणि आपल्या भारतीय देहाची ठेवण तर या बाबतीत विशेष प्रतिकूल आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. दोघांचाही बी.एम.आय., म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर जुळणारी दोन माणसे आतून इतकी वेगळी होती. म्हणून आपल्याकडे दिसायला बेताचा असणारा माणूसही मधुमेहाच्या दारात उभा असू शकतो.

या आकड्यांचा निर्णयाशी थेट संबंध आहे. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या जुन्या निकषानुसार बी.एम.आय. ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, ही शस्त्रक्रियेची मर्यादा होती. ५ फूट ५ इंच उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत याचा अर्थ सुमारे १०९ किलो, किंवा सहव्याधी असल्यास ९५ किलो. २०२२ साली या क्षेत्रातील दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी नवी शिफारस केली. तीत आशियाई लोकांसाठी २७.५ च्या पुढे शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असे म्हटले आहे. त्याच उंचीच्या माणसासाठी हे वजन अवघे ७५ किलो होते. (या सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसलेल्यांपैकी काहीजण आता मनातल्या मनात भागाकार करीत असतील, त्यात मीही आहे.) पर्याय द्यावा म्हणजे प्रत्येकाने तो घ्यावा असे नव्हे. पण विम्याची वही मात्र जुन्याच आकड्यावर आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरविलेल्या प्रमाणित वगळणुकीच्या नियमांनुसार रुग्ण १८ वर्षे पूर्ण केलेला हवा, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने हवी, आणि बी.एम.आय. ४० किंवा अधिक हवा. अथवा तो ३५ किंवा अधिक असून हृदयरोग, तीव्र स्वरूपाचा झोपेतील श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखी व्याधी जडलेली आणि साधे उपाय निष्फळ ठरलेले हवेत. डॉक्टर 'योग्य' म्हणतात आणि विमा कंपनी 'अयोग्य' म्हणते, अशा पेचात सापडलेली कुटुंबे आमच्या खिडकीशी उभी असतात, त्याचे कारण हे आहे. विमा मंजूर झाला तरी तो प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देतो. पुढील दहा वर्षांच्या फेऱ्या, तपासण्या आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या बहुधा घरच्या खिशातून जातात.

गेल्या वर्षी आमच्या अपघात विभागात एक भगिनी आल्या. त्यांची ओळख पटेल असा तपशील मी सांगणार नाही. त्यांनी बारा वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात पट्टा बसवून घेतला होता. पहिली काही वर्षे अतिशय चांगली गेली. वजन उतरले, मधुमेहाच्या गोळ्या निम्म्यावर आल्या, गुडघे चालू लागले. पुढे पतीची बदली आपल्या जिल्ह्यात झाली आणि फेऱ्या थांबल्या. तीन-चार महिन्यांपासून रात्री आडवे झाले की खाल्लेले घशाशी येई, खोकल्याची ढास लागे. घरच्यांनी आम्लपित्त समजून घरगुती उपाय केले. आल्या त्या दिवशी पाण्याचा घोटही उतरत नव्हता.

आमच्या शल्यविशारदांना निदान कठीण गेले नाही. पट्टा जागेवरून सरकला होता. अडचण वेगळीच होती. पट्टा कोणत्या बनावटीचा, त्यात सलाईन किती भरलेले, पोर्ट नेमका कोठे, याचा एकही कागद त्यांच्याजवळ नव्हता. पोर्टमध्ये घालावयाची सुई निराळी असते. साधी सुई वापरली तर पोर्टच्या पडद्याला छिद्र पडून गळती लागू शकते. ती सुई आमच्याकडे त्या वेळी नव्हती, जिल्ह्याच्या ठिकाणी औषध दुकानांतही मिळाली नाही. ती शेवटी रात्रीच्या एस.टी.ने मागविली. दरम्यान माझ्या कार्यालयातील दोन लिपिक जुन्या रुग्णालयाला दूरध्वनी करीत होते. तेथे तो विभागच बंद झालेला होता, आणि पट्टा बसविणारे डॉक्टर दुसऱ्या शहरी गेलेले. दुसऱ्या दिवशी सुई आली, सलाईन काढले, आणि बाईंनी दोन दिवसांनी पहिल्यांदा ताक प्यायले. पुढे शहरात नेऊन पट्टा कायमचा काढावा लागला.

मला स्मरणात राहिले ते त्यांचे एक वाक्य. त्या म्हणाल्या, "साहेब, पट्टा बसवल्याचा मला पश्चात्ताप नाही. माझी सात-आठ वर्षं सुखात गेली. मला फक्त कोणी हे सांगितलं नव्हतं की हे कायमचं नातं आहे." आता त्यांचे वजन पुन्हा चढू लागले आहे. पट्टा काढल्यावर बहुधा असे होते. 'काढता येतो' या वाक्यातील न बोललेला भाग तो हाच. पट्टा परत करता येतो, पण त्यासोबत मिळालेला लाभही बहुतांशी परत करावा लागतो.

ही एका बाईंची कहाणी म्हणून सोडून देता येणार नाही. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेतील सुमारे २५ हजार पट्टाधारक रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी साडेचार वर्षांच्या काळात त्यांपैकी शेकडा १८ हून अधिक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली आले. त्यात दहा वर्षांनंतर पट्टा बसविलेल्यांचे वजन मूळ वजनाच्या सुमारे १४ टक्के घटलेले राहिले, तर बायपास केलेल्यांचे २५ टक्के. १२० किलोच्या माणसाचा हिशेब मांडला तर एकीकडे १७ किलो आणि दुसरीकडे ३० किलो. मात्र त्याच स्वीडिश अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण शस्त्रक्रिया न झालेल्या गटापेक्षा कमी आढळले, ही गोष्ट शस्त्रक्रियेला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी विसरू नये. अशा अनुभवांमुळे जगभर पट्ट्याचा वापर ओसरला. आज बहुतेक ठिकाणी जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करणारी स्लीव्ह ही शस्त्रक्रिया किंवा बायपास केला जातो. त्यांतून परत फिरणे नाही किंवा सोपे नाही. स्लीव्हनंतर काहींना आम्लपित्ताचा त्रास वाढतो. बायपासनंतर लोह, कॅल्शियम, बी-१२ यांची पूरके जन्मभर घ्यावी लागतात, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कडे अधिकच लक्ष द्यावे लागते. आवर्ती खर्च कोठेच चुकत नाही.

इंजेक्शनांचेही तसेच. वजन उतरविणाऱ्या औषधांपैकी तिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. ती परिणामकारक आहेत. आमचे मधुमेहतज्ज्ञ ती योग्य रुग्णांना देतातही. परंतु औषध थांबविले की उतरलेले वजन बव्हंशी परत येते, हे चाचण्यांतून दिसून आले आहे. दर आठवड्याचे इंजेक्शन हा दर आठवड्याचा खर्च आहे, आणि घरात एक कमावता व खाणारी पाच तोंडे असतील तर हा प्रश्न डॉक्टरांच्या टेबलावर सुटत नाही.

याच सुमारास एका मालट्रक चालकाच्या पत्नी माझ्याकडे आल्या. उंची १७० सेंटिमीटर, वजन १२८ किलो, मधुमेह आटोक्याबाहेर, आणि झोपेत श्वास अडकण्याची व्याधी अशी की दिवसा सिग्नलला गाडी थांबली तरी डोळा लागे. बाईंना कोणीतरी पट्ट्याविषयी सांगितले होते. सासूबाईंचा शस्त्रक्रियेलाच विरोध होता : "माझा मुलगा खातापिता आहे, आजारी नाही. चांगलं पोट कापायचं कशाला?" मी त्यांना दोन्ही बाजूंचे आकडे कागदावर मांडून दिले आणि एकच प्रश्न विचारला, तुमचे यजमान महिन्यातले किती दिवस घरी असतात? त्या म्हणाल्या, आठ, फार तर दहा. महिन्याच्या महिन्याला सुईसाठी ठराविक दिवशी हजर राहणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी पट्टा कितपत उपयोगी, हे त्यांच्याच ध्यानात आले. आमच्या डॉक्टरांनी प्रथम झोपेतील श्वासासाठी मशीन लावले, तंबाखू सोडविली, आणि श्वास सुधारेपर्यंत गाडी चालवू नये असे बजावले. हे शेवटचे सांगणे सोपे नव्हते, कारण गाडी बंद म्हणजे चूल बंद. मालकाने तीन महिने त्यांना गोदामावर घेतले, हा त्या गृहस्थांचा मोठेपणा. पुढे शहरातील तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांनी बायपासचा निर्णय घेतला. सासूबाईंना आमच्या आहारतज्ज्ञ ताईंनी दोनदा बोलावून घेतले, कारण घरात ताट वाढतात त्या. त्यांचा होकार मिळाल्याशिवाय तारीख ठरवू नये, असे माझे व्यक्तिशः मत होते, आणि डॉक्टरांनाही ते पटले.

आता देणगीविषयी. संस्थेच्या एका जुन्या हितचिंतकांनी स्थूलतेवरील शस्त्रक्रियांसाठी स्वतंत्र कक्ष उभारण्याकरिता भरघोस रक्कम देऊ केली. अधिक वजन पेलणारे शस्त्रक्रियेचे टेबल, दुर्बीण, लांब उपकरणे अशी यादीही तयार झाली. विश्वस्त मंडळात या प्रस्तावावर दोन बैठका झाल्या. मी माझ्या टिपणीत एवढेच मांडले की, कक्ष एका वर्षात उभा राहील. परंतु येथे शस्त्रक्रिया झालेल्या पहिल्या रुग्णाची दहाव्या वर्षीची तपासणी कोण करील, त्याचे वेतन कोणत्या खात्यातून जाईल, हे ताळेबंदात दिसत नाही. आपल्या रुग्णालयाला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली धर्मादाय योजना लागू आहे. १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. त्या निधीतून शस्त्रक्रियेचे बिल भागविता येईल. पण घरी परतलेल्या रुग्णाच्या वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांना तो पुरणार नाही.

मंडळाने शस्त्रक्रिया तूर्त सुरू न करण्याचे ठरविले. हा निर्णय एकमताने झाला नाही, हेही नमूद करतो. शहर गाठणे परवडत नसलेल्या रुग्णाला आपण दार बंद करीत आहोत, असा एका ज्येष्ठ विश्वस्तांचा आक्षेप होता, आणि तो वजनदार आहे. म्हणून मधला मार्ग निघाला. देणगीदारांनी उदारपणे आपली रक्कम मुदत ठेवीत ठेवण्यास संमती दिली. तिच्या व्याजातून एक पूर्णवेळ आहारतज्ज्ञ, एक समुपदेशक आणि रक्ततपासण्यांचा खर्च भागेल. संगमरवरी पाटी शस्त्रक्रियागृहाच्या दारावर लावता येते, आहारतज्ज्ञांच्या वेतनपटावर लावता येत नाही. हे मी त्यांना संकोचाने म्हटले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "मग नाव राहू द्या." त्यांच्या इच्छेनुसार या अहवालातही त्यांचे नाव दिलेले नाही. तीन वर्षे हा विभाग नियमित चालला आणि रुग्ण टिकून येत राहिले, तर कक्षाचा प्रस्ताव पुन्हा विचारात घेतला जाईल.

रुग्णांच्या आप्तांसाठी शेवटची सूचना. दर बुधवारी दुपारी बाह्यरुग्ण विभागात स्थूलता मार्गदर्शन केंद्र चालते. शस्त्रक्रियेचा विचार असणाऱ्यांनी एकट्याने न येता घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस सोबत आणावे. जुनी औषधे आणि विम्याची पॉलिसीही आणावी. आपल्या नात्यात किंवा शेजारी कोणी पूर्वी पट्टा बसवून घेतला असेल, तर त्यांना सध्या काही त्रास नसला तरी एकदा यावयास सांगावे. पट्ट्याची बनावट, सलाईनचे प्रमाण आणि शेवटच्या तपासणीची तारीख आम्ही नोंदवहीत लिहून घेतो आणि त्याचे कार्ड करून देतो. यास शुल्क नाही. जेवण घशाशी येणे, रात्रीचा खोकला, वारंवार उलटी किंवा पाणी न उतरणे यांपैकी काही असेल तर बुधवारची वाट न पाहता सरळ अपघात विभागात यावे. ती सुई आता तेथील कपाटात ठेवलेली असते.